समजूत नेमकी कोणाची घालायची?

आपल्या मुलीला इकॉलॉजी (सजीवांचे एकमेकांशी आणि परिसराशी असलेले नाते अभ्यासणारे शास्त्र) शिकायची आहे, आपण तिच्यासाठी जेनेटिक्स (जनुकांचे आणि आनुवंशिकतेचे शास्त्र) निश्चित केले आहे आणि मी तिची समजूत घालावी, अशी आपली अपेक्षा आहे. तिच्या गुणांची मला काळजी नाही. काळजी वाटते ती याची, की पत्रात ‘आम्ही ठरवले’ हे शब्द वारंवार येतात आणि तिच्याविषयी मात्र ‘तिला पशुपक्ष्यांचे वेड आहे’ एवढेच वाक्य आहे. मुलांची आवड अशी वेड म्हणून निकालात काढली, की ती घरात मोकळेपणाने बोलेनाशी होतात आणि पुढे लादलेला विषय झेपला नाही, तरी तेही सांगत नाहीत. तेव्हा समजूत मी आपलीच घालतो.

इकॉलॉजी म्हणजे रानावनात भटकणे आणि जेनेटिक्स हेच खरे विज्ञान, हा आपला समज चुकीचा आहे. पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून वर्षानुवर्षे फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या, टणक बिया फोडू शकणारे मोठ्या चोचीचे पक्षी अधिक तगले आणि पुढच्या पिढीच्या चोची सरासरीने मोठ्या निघाल्या. २००४-०५ च्या दुष्काळात उलटे घडले, कारण तोवर अधिक थोराड चोचीची दुसरी फिंच जात बेटावर स्थिरावून मोठ्या बिया फस्त करू लागली होती. या वेळी लहान चोचवाल्यांची सरशी झाली. या दुसऱ्या दुष्काळात कोण जगले, याच्याशी चोचीचे आकारमान घडवणाऱ्या एचएमजीए२ या जनुकाचा संबंध असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. चोच पिढ्यान्‌पिढ्या कशी उतरते, हे जनुकांवरून कळते. पण तीच मोठी चोच एकदा तारक आणि एकदा मारक का ठरली, हे बिया आणि प्रतिस्पर्धी मोजल्याखेरीज कळत नाही. जीवसृष्टीत एवढे वैविध्य कसे आले, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला यांपैकी एक शास्त्र टाकून चालत नाही.

जीवशास्त्राची पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन हा मार्ग दोन्हींकडे जातो, त्यामुळे आजच शाखा ठरवण्याची घाई नाही.

खरी घोडचूक आपण पत्राच्या शेवटी सहज नोंदवली आहे : जीवशास्त्राकडे पूर्ण लक्ष देता यावे म्हणून तिला गणित सोडायला लावले. सजीवाच्या कोणत्या गुणधर्मात वारशाचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हे संख्याशास्त्राशिवाय उलगडत नाही, आणि ते आपल्या जेनेटिक्सलाही तितकेच लागते. गणित पुन्हा घेता येत असेल, तर तिला विचारून याच आठवड्यात घ्यावे; नसेल, तर संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगचा अभ्यास स्वतंत्रपणे सुरू करावा.