डिझाइनमध्ये सगळं सूत्रांनीच ठरतं, मग सर्जनशीलतेला जागा कुठे?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला डिझाइन म्हणजे डेटाबुक (सूत्रं आणि तक्त्यांचं पुस्तक) उघडायचं, फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे सुरक्षिततेसाठीची जादा ताकद धरायची आणि शाफ्टचा, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचा व्यास काढायचा. यात स्वतःचं डोकं चालवायला वाव कुठे? माझ्या मते खरा वाव गणिताच्या आधी असतो, कोणतं गणित सोडवायचं हे ठरवताना.

जयपूर फूट या कृत्रिम पायाचंच बघा. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या लक्षात आलं की कृत्रिम पाय बसवून घेतलेले अनेक रुग्ण घरी गेल्यावर तो काढून ठेवतात आणि पुन्हा कुबड्या घेतात. पाश्चात्त्य धाटणीचा तो पाय बुटात घालून वापरायचा. घोट्यात तो पुरेसा वळत नसे. त्यामुळे उकिडवं बसणं, मांडी घालणं, अनवाणी देवळात जाणं, भाताच्या चिखलात उतरणं, सगळंच बंद. म्हणजे पाय नीट बनवलेला होता, पण ज्याच्यासाठी बनवला त्याचा दिवस कसा जातो हे कुणी पाहिलं नव्हतं. या दोघांनी पाहिलं, आणि डिझाइनच्या अटीच बदलल्या.

पुढची गोष्ट सगळे सांगतात: टायर रिट्रेडिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवण्याचं काम बघून शर्मांना व्हल्कनाइज्ड (उष्णतेने पक्कं केलेलं) रबर सुचलं. सुचलं हे खरंच, पण मला त्यानंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं. नुसत्या भरीव रबराचा पाय जड आणि ताठ झाला. मग त्यांनी आतला भाग वेगवेगळा केला. टाच आणि पुढचा पंजा हलक्या स्पंजी रबराचा, घोट्याजवळ लाकडाचा ठोकळा, मजबुतीला टायरमधली दोरी, आणि हे सगळं कातडीच्या रंगाच्या रबरात गुंडाळून साच्यात भाजलेलं. कुठे किती लवचीक, कुठे किती घट्ट, हा तोल साधण्यातच मला सगळ्यात जास्त कल्पकता दिसते. 1968 च्या सुमारास हा पाय लोकांपर्यंत गेला. त्याला बूट लागत नव्हता, तो पाण्यात चालत होता आणि स्वस्तही होता. डॉ. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं शिक्षण फारसं झालेलं नव्हतं, त्यांचं नाव मात्र कमी घेतलं जातं. ते आवर्जून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मी पेरणी यंत्रांच्या डिझाइनमध्ये काम करतो. बियाण्याची नळी आतून दिसेल अशी पारदर्शक का ठेवतात? बी खरंच पडतंय का, हे पेरताना मागे वळून बघावं लागतं म्हणून. ही अट कुठल्याच डेटाबुकात सापडत नाही. नळी चोंदली आणि पाच-दहा ओळी बियाण्याविना गेल्या, तर ते उगवण झाल्यावरच कळतं, आणि तोवर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून गेलेला असतो.

म्हणून बीईच्या प्रोजेक्टला कॅड (संगणकावर आराखडा काढायचं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी, ती वस्तू जो वापरणार आहे त्याच्याजवळ दिवसभर थांबा. तो कशाला वैतागतो, कुठे जुगाड करतो, काय काढून ठेवतो, ते टिपा. त्यातून अटींची यादी करा आणि मार्गदर्शकांना आधी तीच दाखवा.