वाचक विचारतात: ‘महल’मध्ये भूत येणार कधी?

प्रश्न: ताई, सुट्टीत मुलांना मोठ्या हौसेनं ‘महल’ लावून दिला. अर्धा तास झाला नसेल तर धाकटा म्हणतो, आई, भूत येणार कधी? आम्ही घाबरायचो ते नक्की कशाला? — एक वाचक, सांगली

उत्तर: धाकट्याला सांगा, यायचं ते केव्हाच येऊन बसलंय! हा 1949 चा पिक्चर, बॉम्बे टॉकीजचा, दिग्दर्शक म्हणून कमाल अमरोहींचा पहिलाच, आणि यात कुणी अंगावर धावून येत नाही की रक्ताचा थेंब दिसत नाही. अलाहाबादकडचा नदीकाठचा एक ओसाड महाल, नवा मालक म्हणजे अशोककुमार वादळी रात्री तिथं येतो आणि म्हातारा माळी त्याला जुनी हकीकत सांगतो, की हा महाल बांधणारा मध्यरात्री यायचा, पहाटेआधी निघून जायचा, त्याची प्रेयसी कामिनी दिवसभर वाट बघत बसायची, आणि एका रात्री त्याची नाव बुडाली. इथपर्यंत ही कुठल्याही गावात ऐकायला मिळेल अशी गोष्ट आहे. पण मग मालकाला त्या जुन्या माणसाची तसबीर दिसते आणि चेहरा हुबेहूब त्याचाच! माझ्या मते सगळी भीती या एका जागी आहे. परक्या घरात भूत दिसलं तर माणूस पळून तरी जाईल हो, पण घरच आपल्याला ओळखत असेल तर जायचं कुठं? आणि त्याला तर जायचंच नाहीये, तो स्वतःहून ओढला जातो, मित्र येऊन समजावतो तरी ऐकत नाही, ते बघताना जीव नुसता टांगणीला लागतो.

कॅमेरा योसेफ विर्शिंगचा. हा म्युनिकचा जर्मन माणूस, बॉम्बे टॉकीजच्या सुरुवातीपासूनचा, ‘अछूत कन्या’ पण त्याचाच, महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला डांबून ठेवलं होतं आणि सुटल्यावर तो परत इथंच काम करत राहिला. अंधार कसा वापरायचा हे त्याच्याकडून शिकावं. मधुबाला दिसते ती लांबून, झोपाळ्यावर, आणि आपण नीट बघेपर्यंत गायब.

उत्तरार्ध लांबलाय हे मात्र खरं, बायकोला घेऊन तो दूर जातो तो भाग मलाही जड वाटतो. तरी मुलांना शेवटपर्यंत बसवा, दिवे बंद करून, मोबाईल बाजूला ठेवून. शेवट आधी सांगू नका प्लीज.

प्रश्न: ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ सुरू होताना आवाज लांबून येतो असं वाटतं. तेव्हा कुठं होती एवढी मशीनं? — एक वाचक, ठाणे

उत्तर: मशीन नव्हतंच, लतादीदी चालल्या! हे त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. माइक खोलीच्या मध्ये, त्या लांब कोपऱ्यात उभ्या, आणि सुरुवातीच्या ओळी म्हणत म्हणत हळूहळू माइककडे यायचं, मुखडा येईपर्यंत माइकपाशी पोचायचं. चालताना दम लागता कामा नये, सूर हलता कामा नये, पावलांचा आवाज येता कामा नये, करून बघा म्हणजे कळेल. आता परत ऐका, हेडफोन लावून. सुरुवातीला ठेका नाहीच, नुसता आवाज तरंगत येतो, आणि ‘आयेगा’ला ताल लागतो तेव्हा ती एकदम शेजारी येऊन उभी राहिल्यासारखी वाटते. खेमचंद प्रकाशांनी चाल अशी बांधलीय की हिरो जसा शोधत फिरतो तसे आपण पण कानानं शोधत राहतो, कुठून येतोय, कोण गातंय. म्हणून मी म्हणते की या पिक्चरचं भूत डोळ्यांना दिसणारं नाही, कानाला ऐकू येणारं आहे. आणि योगायोग बघा, रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पात्राचं! लोकांनी खरं नाव विचारून विचारून हैराण केलं तेव्हा ते बाहेर आलं. तेव्हा लतादीदी जेमतेम विशीच्या आणि मधुबाला सोळाची, यावर विश्वासच बसत नाही.

प्रश्न: असंच अजून काही? मराठीत आहे का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर: आधी ‘मधुमती’, 1958. दिग्दर्शक बिमल रॉय, आणि गंमत म्हणजे ‘महल’चं संकलन त्यांनीच केलं होतं, त्यामुळे वादळी रात्र, जुनी हवेली, मागच्या जन्माची आठवण हे सगळं तिथं पुन्हा भेटतं, फक्त जरा मोकळ्या हवेत, डोंगरात. मग ‘बीस साल बाद’, त्यातलं हेमंतकुमारांचं संगीत अंधारात ऐकण्यासारखं आहे. मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’, 1976, आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर. ‘रात्रीस खेळ चाले’ त्यातलंच, सुधीर मोघ्यांचे शब्द आणि हृदयनाथांची चाल. पण आधी ‘महल’च बघा, आणि बघून झाल्यावर तसबिरीच्या सीनबद्दल काय वाटलं ते मला जरूर लिहा.