पाचशे रुपयांसाठी कोण भांडणार?

वाचकांचे प्रश्न, बँकवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी फोंड्याला एका खासगी शाळेच्या ऑफिसात काम करते. गेल्या वर्षी पणजीत एका दुकानाबाहेर टेबल टाकून बसलेल्या मुलाने माझ्याकडून क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरून घेतला. ‘लाइफटाइम फ्री आहे मॅडम, घरात पडून राहू दे’ म्हणाला. कार्ड कुरिअरने आलं, ते मी कपाटात टाकलं. कधी चालू केलं नाही की वापरलं नाही. वर्षाने मेसेज आला : वार्षिक फी 588 रुपये 82 पैसे. कस्टमर केअरला फोन लावला, तर ‘एक दाबा, दोन दाबा’ करत शेवटी फोन कट. मग लेट फी, तिच्यावर जीएसटी, कसलंसं व्याज. आकडा आता दोन हजारांच्या वर गेलाय. परवा वसुलीवाल्याने थेट शाळेत फोन केला आणि तो नेमका हेडमास्तरांनी उचलला. आज दुसरा एक जण म्हणतो, ‘अर्धे भरा, सेटल करून टाकू.’ दादा म्हणतो, भर आणि मोकळी हो. न जेवलेल्या ताटाचे पैसे मी का देऊ?
एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, देऊ नका. दादा सांगतो तसंच बहुतेक जण करतात, आणि बँकेचा हिशोब त्याच्यावरच बसलेला असतो. 499 रुपये फी, तिच्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे 89 रुपये 82 पैसे, मिळून तुमचे 588.82. ही रक्कम फार हुशारीने ठेवलेली असते. पाच हजार मागितले असते तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी शाखेत जाऊन मॅनेजरच्या टेबलावर हात आपटला असता. पाचशेसाठी कोण अर्धी रजा टाकून कदंबाच्या बसमध्ये बसतो? मी काउंटरच्या आतल्या बाजूला नोकरी केली आहे. तावातावाने आलेला माणूस ‘जाऊ दे हो’ म्हणून परत फिरताना मी रोज बघायचो.

आता नियम. क्रेडिट आणि डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेचे निर्देश 2022 मध्ये आले, आणि तुमच्या कामाचं कलम त्याच वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून लागू झालं. कार्ड दिल्यापासून तीस दिवसांत ग्राहकाने ते ॲक्टिव्हेट केलं नाही, तर बँकेने ओटीपी घेऊन त्याची संमती विचारायची. संमती मिळाली नाही, तर सात कामकाजी दिवसांत खातं बंद करायचं, आणि तेही ग्राहकाला एक पैसा न लावता. तुमचं कार्ड वर्षभर कपाटात होतं. म्हणजे फी लावायची वेळ येण्याच्या कितीतरी आधी ते खातं बंद व्हायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र आठवून बघा. कार्ड आल्यानंतर ‘व्हेरिफिकेशन’ म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला होता का, आणि तुम्ही तो सांगितला होता का? बँक नेमकं तेच पुढे करील. टेबलावरच्या मुलाला दिलेला ओटीपी अर्जाचा होता, तो वेगळा. म्हणून बँकेकडे लेखी मागा : ‘मी कार्ड ॲक्टिव्हेट करायला संमती दिली, याची तारीख आणि नोंद दाखवा.’ माझा अंदाज, ही एक ओळ वाचूनच पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ बसेल.

तुम्हाला कुणी असंही सांगेल की न मागता दिलेल्या कार्डावर पैसे लावले, तर ते परत करून वर दुप्पट दंड बँकेने द्यायचा असतो. नियम खरा आहे, पण तुमच्या कामाचा नाही. अर्जावर सही तुमची आहे. उगाच ते कलम घातलंत तर त्याच कलमाचं उत्तर येईल आणि मूळ मुद्दा बाजूला राहील.

फोन बंद करा आता. फोनवर बोललेलं हवेत जातं. बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारणाचं पान असतं, तिथे नोडल अधिकाऱ्याचा ईमेल मिळेल. त्यावर साधं पत्र लिहा. कार्डाचे शेवटचे चार आकडे घाला, पूर्ण नंबर कधीच नाही. मागण्या या क्रमाने : आधी फी, लेट फी, व्याज आणि जीएसटी सगळं उलटवा; मग कार्ड बंद करा; मग क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांकडे, काही चुकीची नोंद गेली असेल तर ती दुरुस्त करा; आणि हे झाल्याचं पत्र द्या. क्रम महत्त्वाचा आहे. कार्ड बंद करायला सांगितल्यावर सात कामकाजी दिवसांत ते बंद झालं नाही, तर उशिराच्या दर दिवसाला पाचशे रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात, पण खात्यावर बाकी नसेल तरच. तुमच्या खात्यावर ही वादाची बाकी दिसते आहे, ती आधी पुसून घ्यायला हवी. ‘कसलंसं व्याज’ म्हणता त्याबद्दलही एक वाक्य घाला : न भरलेली फी, दंड आणि कर मुद्दलात मिसळून त्यांच्यावर व्याज लावायला त्याच निर्देशांत मनाई आहे.

शाळेत फोन केल्याची तक्रार स्वतंत्र करा. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना आणि ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही. एजन्सी बाहेरची असली तरी जबाबदारी बँकेची. तारीख, वेळ, नंबर आणि फोन कुणी घेतला, एवढं लिहा.

आणि ते ‘अर्धे भरा’ तर मुळीच ऐकू नका. सेटलमेंट केलीत की तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. म्हणजे बाईंनी कर्ज बुडवलं, थोडं देऊन सुटल्या. उद्या घरासाठी कर्ज मागायला जाल, तेव्हा समोरचा अधिकारी पाचशेची फी बघणार नाही, तो शेरा बघेल. हजार रुपये वाचवण्याच्या नावाखाली हा सौदा ते तुमच्या गळ्यात मारताहेत.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. ऑनलाइन तक्रार सीएमएस पोर्टलवर करता येते, माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. 2021 मध्ये ही एकत्रित योजना आली तेव्हापासून कागदावरची तक्रार कुठल्याही भाषेत चंदीगडच्या केंद्राला पाठवता येते. तेव्हा इंग्रजी पत्राची धास्ती घेऊ नका, मराठीत लिहा. पण बँकेला आधी लिहिल्याचा पुरावा लागतो, म्हणून तो ईमेल जपून ठेवा.

टेबलावरचा तो मुलगा पुन्हा दिसला तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला महिन्याला अमुक इतकी कार्डं खपवायचं टार्गेट असतं. ‘लाइफटाइम’ हा शब्द त्याला कुणीतरी शिकवलेला आहे.

प्रश्न : साहेब, चवथीला फ्रिज घेतला, घराला रंग काढला, मुंबईहून पाहुणे होते, सगळं कार्डावर. साधारण चाळीस हजार झाले. तेव्हापासून दर महिन्याला बिलावर लिहिलेली मिनिमम रक्कम मी वेळेवर भरतो, एकदाही चुकलो नाही. तरी बाकी जिथल्या तिथे. बँकच लिहिते एवढे भरा, मी तेवढे भरतो, मग माझं चुकलं कुठे?
एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमचं काहीच चुकलं नाही. ‘मिनिमम’ भरलंत की लेट फी लागत नाही आणि थकबाकीदार म्हणून नाव जात नाही, तेवढंच त्या रकमेचं काम. कर्ज फेडणं हे तिचं काम नाही.

तुमचंच बिल घेऊ. बाकी 40,000, मिनिमम पाच टक्के धरलं तर 2,000. ते भरलेत, राहिले 38,000. कार्डाचा दर महिन्याला पावणेचार टक्के असेल तर व्याज 1,425. त्या व्याजावर पुन्हा अठरा टक्के जीएसटी, 256 रुपये 50 पैसे. पुढच्या बिलाला बाकी 39,681 रुपये 50 पैसे. दोन हजार खिशातून गेले आणि कर्ज उतरलं 318 रुपये 50 पैशांनी. हा ढोबळ हिशोब झाला. प्रत्यक्षात व्याज दिवसांवर मोजतात, त्यामुळे आकडा आणखी थोडा वर जातो. वर्षाचा दर पंचेचाळीस टक्के पडतो. सावकाराला आपण उगाच बदनाम केलं.

दुसरी गोष्ट बिलावर बारीक अक्षरात असते. पूर्ण रक्कम भरली नाही, की बिनव्याजी मुदत संपली. मग काल म्हापशाच्या बाजारात कार्ड घासून घेतलेल्या वस्तूवरसुद्धा कालपासूनच व्याज. म्हणून पहिलं काम, हे कार्ड आजपासून खिशात ठेवू नका. फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेडायला महिने, वर्षं लागतील, ही सूचना बँकेला बिलावर छापावीच लागते. तुमच्या बिलावर मागच्या पानावर असेल, शोधा.

व्याजाला काही मर्यादा नाही का, असं तुम्ही विचाराल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटलं होतं की तीस टक्क्यांच्या वर व्याज लावणं ही अनुचित प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा त्या दारातून आता काही मिळायचं नाही.

मार्ग एकच, महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडा. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण, नाहीतर पगारावरचं कर्ज, नाहीतर गावच्या पतसंस्थेचं. कुठलंही घेतलंत तरी पंचेचाळीसच्या खूप खाली बसेल. कार्डवाले स्वतः ‘ईएमआय करून देतो’ म्हणतील. करा, पण प्रोसेसिंग फी आणि जीएसटी धरून दर किती पडतो ते आधी लेखी घ्या. सोनं ठेवायला बायको नाही म्हणत असेल तर तिला वरचा 318 चा हिशोब दाखवा.

प्रश्न : माझे वडील डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे, ट्रक स्वतःचा, कर्जावर. मार्च 2018 ला खाणी बंद पडल्या, हप्ते थकले, पुढे बँकेबरोबर एकरकमी तडजोड करून विषय संपवला. आता माझ्या इंजिनिअरिंगच्या कर्जाला ते सहअर्जदार, तर बँक म्हणते सिबिल खराब. तडजोड तर बँकेनेच मान्य केली होती!
एक विद्यार्थी

उत्तर : डिचोली, साखळी, सांग्याकडच्या कितीतरी घरांत हा कागद आहे, बाबा. खाण न्यायालयाच्या निकालाने बंद पडली, पण क्रेडिट रिपोर्टमध्ये कारणाला रकाना नसतो. तिथे फक्त ‘सेटल्ड’ दिसतं. या पद्धतीवर माझा सगळ्यात मोठा राग कुठला असेल तर तो हाच. हौसेने कर्ज बुडवणारा आणि धंदाच बंद पडलेला, दोघांना एकच शेरा.

करता येण्यासारखं बघू. देशात सिबिल धरून असे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. वडिलांच्या नावाने चारही काढा. तडजोडीनंतरही बाकी दाखवलेली असेल, किंवा तेच खातं दोनदा आलं असेल, तर ती चूक आहे. तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. नोंद बरोबर असेल, तर सोडून दिलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ करता येतं का ते त्या बँकेला विचारा. ती रक्कम मोठी असेल तर त्यात पडू नका.

त्यापेक्षा आईला सहअर्जदार करा. तिच्या नावावर कर्जच नसेल तर तिचा स्कोर खराब असणार कसा? चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांनी तारण मागायचं नाही, हेही लक्षात ठेव. आणि बँकेच्या पायऱ्या झिजवण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या व्याजमुक्त कर्ज योजनेची चौकशी कर. अटी आणि शेवटची तारीख त्यांच्याच ऑफिसात विचार, सायबर कॅफेवाल्याला नको.

प्रश्न : गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात, त्यातून एटीएम कार्डाची फी, मेसेजची फी असं काही ना काही कापतात. वर मिनिमम बॅलन्स नाही म्हणून दंड.
एक गृहिणी, पेडणे

उत्तर : वहिनी, शाखेत जा आणि हे खातं ‘बेसिक सेव्हिंग्ज’ करून द्या, असा अर्ज द्या. त्याला मिनिमम बॅलन्स नसतो आणि एटीएम कार्डाला वार्षिक फी नसते. मात्र त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असेल तर ते तीस दिवसांत बंद करावं लागेल. महिन्याला पैसे काढायच्या वेळा मोजक्या असतात, त्या विचारून घ्या. ‘असलं खातं आमच्याकडे नाही’ असं काउंटरवर कुणी म्हणालं, तर तेवढंच अर्जावर लिहून सही-शिक्का मारून मागा.