वेळापत्रक तिला द्या

पत्र: मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे इथलीच मराठी ज्यू. 22 वर्षं शिकवतेय, त्यातली 9 पर्यवेक्षिका म्हणून. यंदा मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली आणि संस्थेनं बाहेरून माणूस आणला. पुढच्या महिन्यात सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनास्थळात, तरुण मुलांपुढे लंडनचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) जोनाथन सॅक्स यांच्या कारकिर्दीवर बोलायचं आहे. नेतृत्वावरचं त्यांचं लिखाण मी कितीतरी वर्षं वाचतेय. पण डावलली गेलेली बाई नेतृत्वावर काय बोलणार? शाळेत माझ्यावाचून पान हलत नाही. परवा तापातसुद्धा बदली तास लावले, मगच घरी गेले. एक नवी शिक्षिका वेळापत्रक शिकवा म्हणते. पण समजावत बसण्यापेक्षा मीच करते, लवकर होतं. राजीनामा देऊ का?

उत्तर:

बाई, संस्था चुकली की बरोबर, त्यात मी पडत नाही. तुमचं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "मीच करते, लवकर होतं." 9 वर्षं! तेवढ्यात किती नव्या शिक्षिका आल्या असतील? आणि तुम्ही तापानं फणफणलात तर बदली तास लावायला एक माणूस नाही. याचा तुम्हाला अभिमान वाटतो, मला मात्र वाचून राग आला.

सॅक्स यांची 1968 ची गोष्ट तुम्हाला माहीत असणारच. केंब्रिजमध्ये तत्त्वज्ञान शिकणारा विशीतला मुलगा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला ल्युबाविचर रेब्बेंना, एका मोठ्या ज्यू पंथाच्या गुरूंना, भेटला. त्यानं आपले प्रश्न विचारले, रेब्बेंनी उत्तरं दिली आणि मग उलट त्यालाच विचारायला लागले: केंब्रिजमध्ये ज्यू विद्यार्थी किती? त्यांच्यासाठी तू काय करतोयस? मुलगा सांगू लागला, "मी ज्या परिस्थितीत सापडलोय..." रेब्बेंनी तिथंच अडवलं. परिस्थितीत कुणी सापडत नाही, माणूस स्वतःला तिथं नेऊन ठेवतो. मग दुसरीकडेही नेऊन ठेवू शकतो. हजारो अनुयायी असलेल्या त्या माणसाला आणखी एक अनुयायी नको होता. समोरच्या पोरानं पुढारी व्हावं, असं त्याला वाटत होतं.

दहा वर्षांनी सॅक्स पुन्हा गेले. प्राध्यापक, अर्थतज्ज्ञ की बॅरिस्टर, असा पेच होता. रेब्बेंनी तिन्ही बाजूला सारलं. ब्रिटनमध्ये रब्बी कमी पडताहेत, तू रब्बी घडव, म्हणाले. 1984 मध्ये सॅक्स लंडनच्या ज्यूज कॉलेजचे, रब्बी घडवणाऱ्या संस्थेचे, प्राचार्य झाले, 1991 मध्ये ब्रिटनचे प्रमुख रब्बी. मुलांना पदांची यादी वाचून दाखवाल तर हे मधलं सगळं निसटेल.

आणि यित्रोचा पाराशा, तोरा या ज्यू धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा पाठ, तर तुम्ही दरवर्षी ऐकता. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलाय, लोक रांगेत ताटकळताहेत. सासरा यित्रो बघतो आणि म्हणतो, तू करतोस ते चांगलं नाही. सॅक्स दाखवून देतात, की तोराच्या पाचही पुस्तकांत "चांगलं नाही" हे शब्द दोनच ठिकाणी येतात. एक इथं, दुसरं आदामाच्या वेळी: माणसानं एकटं असणं चांगलं नाही. दोन्हीकडे खटकतं ते एकटेपण. मला तर यित्रोचंच कौतुक वाटतं. जावई केवढा मोठा माणूस, तरी तोंडावर सांगितलं.

तसंच मीही सांगते. तुमच्यावाचून पान हलत नाही, ही परिस्थिती तुम्ही उभी केलीत. तिच्यामुळे तुम्ही थकलात, आणि एक शिकायला उत्सुक मुलगी 9 वर्षांचं तुमचं कसब दारातूनच बघून परत गेली.

राजीनामा राहू द्या. सोमवारी तिला बोलवा आणि पुढच्या सत्राचं वेळापत्रक तिच्याकडून करून घ्या. शेजारी बसा, पण पेन्सिल तिच्याच हातात असू द्या. एका तासाला दोन बाई एकाच वर्गावर येतील, प्रयोगशाळा दोनदा लागेल, तुमचे हात शिवशिवतील. तिचं तिला सापडेपर्यंत थांबा. अर्ध्या तासाचं काम चार दिवस चालेल, चालू द्या. सिनेगॉगमधलं भाषण त्यानंतर लिहायला घ्या.