त्याला उचलून आणू नकोस, त्याच्याबरोबर जा

बाळ,

तुझं पत्र सकाळी वाचलं आणि दुपारची कामं आटोपल्यावर पुन्हा वाचलं. गणपतीला घरी आलेला भाऊ आरती चालू असताना उठून गेला, बेसिनमध्ये रक्ताचे थेंब, आणि शेजारी नळीसारखी गुंडाळलेली दहाची नोट. आईला दिसायच्या आत ती उलगडून तू पर्समध्ये टाकलीस. रात्री गच्चीवर त्याने कबूल केलं: गोव्याच्या हॉटेलात नोकरी लागल्यापासून कोकेन, दोन वर्षं झाली, आणि जोडीला जवळजवळ रोज दारू. नवऱ्याला न सांगता तू त्याचं एक लाख चाळीस हजारांचं देणं फेडलंस.

सोडायचं आहे असं तो स्वतः म्हणतो. पण गोवा एवढंसं, डॉक्टरकडे गेलो तर संध्याकाळपर्यंत हॉटेलात कळेल, ही त्याची भीती. बडोद्याला आणलं तर दांडिया बाजारात काय लपणार, ही तुझी. म्हणून तू विचारतेस, की माणसं पाठवून उचलून आणणाऱ्या आणि सहा महिने कुणाला भेटू न देणाऱ्या त्या खाजगी केंद्राचे पैसे भरू का?

नको. एक रुपयासुद्धा भरू नकोस.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे धाकटे दीर दारूत बुडाले तेव्हा आम्ही तीन वर्षं सगळ्यांना कावीळ सांगितली. शेजारच्या बेन रोज उसाचा रस आणून द्यायच्या, मी तो हसून घ्यायची आणि मोरीत ओतायची. पुढे कळलं, त्या माउलीला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. मग अशाच एका केंद्रात त्यांना ठेवलं. परत आले ते मनगटावर दोरीचे वळ घेऊन, आणि आठवड्याच्या आत बाटली हातात. ते वळ अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाच्या आजारालाही लागू आहे. त्यात रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे, त्याची माहिती गुप्त ठेवण्याचा त्याला हक्क आहे. स्वतः उपचार मागणाऱ्या सज्ञान मुलाला गाडीत कोंबून आणायचा अधिकार कुणालाच नाही. तुझा भाऊ तर हो म्हणतोय गं! ते 'हो' सांभाळायचं आहे.

गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, गोवा मेडिकल कॉलेजही तिथेच. तिथल्या ओपीडीत जायला भरती व्हावं लागत नाही. लहान राज्याचा हा फायदाही बघ: नोकरी न सोडता तो दर आठवड्याला तिथे जाऊ शकेल. कोकेनच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण त्याची ओढ मारणारं खास असं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. बोलण्यातून होणारे उपचार, ओढ कधी आणि कुणाबरोबर उठते ते ओळखणं, पगाराच्या दिवशी काय करायचं ते आधी ठरवणं, असं ते काम महिनोन्‌महिने चालतं. कोंडून ठेवलेल्या खोलीत पगाराचा दिवस येतच नाही. ती नोकरीच पुढे घातक वाटली तर बदलेल, पण ते डॉक्टरांशी बोलून.

घरी आणलं की गुजरातेत दारूबंदी, म्हणजे तीही आपोआप सुटेल, असं तू लिहिलंस. इथे मात्र सावध राहा. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवसुद्धा जाऊ शकतो. दारू कशी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतील. कोकेन थांबलं की माणूस दिवसचे दिवस झोपतो, भूक वाढते, मन पार खचतं, 'जगून काय करू' असं बोलतो. ते बोलणं नाटक समजू नकोस, त्या दिवसांत त्याला एकटं ठेवू नका. आणि छातीत दुखलं तर तडक इस्पितळ, आणि कोकेन घेतल्याचं पहिल्या वाक्यात सांगायचं, कारण त्यावर औषधं बदलतात. कोकेन आणि दारू एकत्र पोटात गेली की यकृतात तिसरंच द्रव्य तयार होतं, हृदयाला ते जास्त जड जातं.

पोलिसांची धास्ती त्याने घेतली आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४-अ कलम आहे. फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल, कोकेनसाठी ही मर्यादा २ ग्रॅम, आणि माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. त्याने कुणाला विकलं असेल तर गोष्ट वेगळी, मग आधी वकील.

पैसे मात्र आता बंद. त्याचं जेवण, औषध, गाडीभाडं तू थेट भर, त्याच्या खात्यावर काही टाकू नकोस. तो रागावेल, रडेल, आईची शपथ घालेल. तू रडलीस तरी चालेल, पण पैसे पाठवू नकोस.

आईबाबांना आत्ताच सांगायचं की नाही, हे तुम्ही दोघं भावंडं ठरवा. नवऱ्याला मात्र आज रात्रीच सांग. एवढं ओझं एकटीने वाहून तू आजारी पडशील, आणि ते दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्याला जास्त लागेल. ती नोट अजून पर्समध्ये असेल तर तीच समोर ठेव, बोलायला सुरुवात होईल.

मग भावाला फोन लाव. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलि-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, दोन्ही नंबर त्याला पाठव. टेलि-मानसवर मराठीतही बोलता येतं, रात्री-बेरात्रीसुद्धा. मंगळवारी त्याची सुट्टी असते असं लिहिलंयस. बडोद्याहून मडगावला थेट गाडी आहे, सोमवारी त्याच्याकडे पोच आणि मंगळवारी सकाळी दोघं मिळून बांबोळीला जा. तो आत डॉक्टरांशी बोलेल तेव्हा तू बाहेर बाकावर बस.

तिकीट निघालं की मला दोन ओळी लिही.

तुझी,
मावशी