डिझाइन थिंकिंगमुळे, म्हणजे वापरणाऱ्याची अडचण समजून घेऊन कच्च्या नमुन्यांतून उत्तर शोधण्याच्या पद्धतीमुळे, संस्था खरंच काही शिकते का?

शिकते, पण नुसत्या कार्यशाळा घेऊन आणि भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून नाही. वापरणाऱ्याला प्रत्यक्ष बघावं लागतं. वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या जीई हेल्थकेअर कंपनीचे डिझायनर डग डाएट्झ यांनी आपल्याच एमआरआय यंत्राकडे जाताना एका लहान मुलीला रडताना पाहिलं. यंत्रात तांत्रिक खोट काहीच नव्हती! मग त्यावर चाच्यांचं जहाज रंगवलं, तपासणीला गोष्टीचं रूप दिलं आणि मुलांना गुंगीचं औषध द्यायची गरज बरीच घटली.

तुम्ही कागद-पुठ्ठ्याचा कच्चा नमुना आठवड्याभरात लोकांच्या हातात द्या. फसला तर का फसला, ते चार ओळींत लिहून दुसऱ्या विभागालाही दाखवा. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच राहून जातं आणि पुढची टीम तीच चूक नव्या उत्साहाने करते.