तू कुठे जेवतेस?

मावशी,

माझी आई ७८ वर्षांची आहे. गेल्या वर्षी मोठं आजारपण झालं, तेव्हा तिची भूक गेली ती परत आलीच नाही. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. एकदा मी सहज गंमत म्हणून भाताचा ससा केला. काकडीचे कान, वाटाण्यांचे डोळे. आम्ही दोघी इतक्या हसलो! त्या दिवशी तिने सगळा भात संपवला. तेव्हापासून मी रोज काहीतरी करते. उकडलेल्या अंड्याचं पिल्लू, गाजराचे मासे, कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर आणि त्यावर ब्रोकोलीची झाडं. पहाटे उठून कापाकापी करते, ताट तिच्यासमोर ठेवते, फोटो काढते, मग ओट्याशी उभ्याने दोन घास खाऊन कामाला लागते. पण हल्ली आई ताट बघते, "छान केलंयस" म्हणते आणि अर्धं तसंच ठेवते. भाऊ म्हणतो, आईचं लहान मूल करून टाकलंयस, हा तिचा अपमान आहे. मला फार लागलं ते. त्याचं बरोबर आहे का? की मी आणखी नव्या कल्पना शोधू?

– एक मुलगी

अगं,

तुझा ससा, मासे, डोंगर, भावाचं बोलणं, सगळं वाचलं आणि मी अडकले ती "ओट्याशी उभ्याने दोन घास खाऊन" या शब्दांपाशी. तू ते जाता जाता लिहून गेलीस. मला मात्र ते वाचून राग आला, आणि तो भावाचा नाही, तुझा आला.

पहिल्या सशाच्या दिवशी काय झालं ते तूच लिहिलं आहेस. "आम्ही दोघी हसलो." म्हणजे तू तिथे होतीस. तिच्या शेजारी किंवा समोर, पण होतीस. तुझ्या मते त्या दिवशीचा भात सशाने संपवला. मला तसं वाटत नाही. आता ताट रोज जास्त देखणं होतंय आणि तू रोज लवकर उठून जातेस. ताटातून एक चेहरा तिच्याकडे बघत असतो, समोरच्या खुर्चीत कोणी नसतं. "छान केलंयस" हे आई जेवणाला म्हणत नाही. पाठ फिरवून निघालेल्या लेकीचे कष्ट तिला दिसतात, त्या कष्टांना म्हणते. अर्धं ताट परत येतं ते त्यानंतर.

वय झालेली माणसं एकटी जेवायला बसली की कमी खातात आणि सोबत असली की जास्त, हे आहाराचा अभ्यास करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा नोंदवलं आहे. कारणं साधी आहेत. सोबत असली की माणूस ताटावर जास्त वेळ बसतं, बोलता बोलता आणखी एक घास जातो, समोरच्याने वाढून घेतलं की आपलाही हात पुढे होतो. हे कोणत्याही कोरीवकामाने होत नाही.

कोरीवकामाने उलट एक नुकसान होतंय. वयाबरोबर नाकाची ताकद कमी होते, आणि चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातला मोठा भाग वासाचाच असतो. गरम अन्नाला वास जास्त सुटतो. तू झाडं रोवतेस, डोळे बसवतेस, फोटो काढतेस, तोवर ते निवतं. तिच्यापर्यंत पोचतं ते एक सुंदर, गार आणि जवळजवळ बिनवासाचं ताट. पहाटे उकडून सोललेलं अंडं दुपारपर्यंत बाहेरच राहत असेल तर तेही थांबव. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त फ्रिजबाहेर ठेवू नये, भात तर नाहीच. आणि सजावट जोडायला टूथपिक वापरत असशील तर आजच बंद कर. गिळताना तिला ठसका लागत असेल तर अख्खे वाटाणे आणि द्राक्षंही नकोत.

दिसण्याचंच काही करायचं असेल तर ताट बदल. म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, फिक्या रंगांतला फरक कळेनासा होतो. पांढऱ्या ताटातला पांढरा भात तुला ससा दिसतो, तिला कदाचित धूसर ढीग दिसत असेल. बोस्टनमधल्या संशोधकांनी २००४ साली अल्झायमरच्या काही रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक लाल भांड्यांतून जेवायला दिलं, तर त्यांचं खाणं सुमारे पाव हिश्शाने वाढलं. अभ्यास छोटा होता आणि तुझ्या आईला तो आजार नाही, पण गडद रंगाचं ताट घेऊन बघायला काय हरकत आहे?

आता भावाचं. खेळ करणं हा अपमान नव्हे. १५९१च्या सुमारास अर्चिम्बोल्दो या इटालियन चित्रकाराने सम्राट दुसरा रुडॉल्फ याचं चित्र फळं, भाज्या आणि फुलांतून उभं केलं, नाकाच्या जागी चक्क पेअर. सम्राटाचा मान त्याने गेला नाही. तुझ्या आईचा भाताच्या सशाने कसा जाईल? मोठ्या माणसांना गंमत शोभत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं जमत नाही. पण भावाला जे खुपलं त्यात एक खरी गोष्ट आहे, ती त्याला नीट सांगता आली नाही इतकंच. हा खेळ तू एकटीच खेळतेस. आईच्या वाट्याला फक्त बघणं आणि कौतुक करणं आलंय.

म्हणून नव्या कल्पना मी देणार नाही. आज रात्री दोन ताटं वाढ, एकसारखी, गरम गरम. तिच्यासमोर बस आणि पूर्ण जेव. "तू सुरू कर, मी आलेच" म्हणायचं नाही. पहाटेचं उठणं बंद कर, ती झोप तुला हवी आहे. गाजर, काकडी जे काही असेल त्याच्या मऊ, पातळ चकत्या एका वाटीत घालून दोघींच्या मध्ये ठेव. तुझ्या ताटातल्या भाताला एकच डोळा लाव आणि जेवायला लाग. दुसरा डोळा कुठे लावायचा हे तिला सुचलं तर ती लावेल. वाकडा लावला तर वाकडा राहू दे. नाही सुचलं तर चकत्या खाऊन टाका. तिला "लाव ना गं आई" म्हणून मागे लागू नकोस, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

तुझा दिवस किती भरलेला आहे ते पत्रात दिसतंय. पण कापाकापीत जाणारा वेळच मी मागतेय, वेगळा नाही. आणि तू स्वतः नीट बसून शेवटचं कधी जेवलीस? ओट्याशी उभ्याने खाणारी लेक रोज बघून कोणत्या आईला घास गोड लागेल?

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. आईचं वजन दर आठवड्याला करून लिहून ठेव. सहा ते बारा महिन्यांत ते पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर डॉक्टरांकडे परत जा. तिच्या सगळ्या गोळ्या सोबत ने, कारण काही औषधंही भूक मारतात. दात किंवा कवळी टोचते का तेही तपासून घे.

महिनाभराने मला लिही. तिने काय खाल्लं ते लिहिशीलच, पण तू काय खाल्लंस ते आधी लिही.

– मावशी